चावी खुंटीवर, पॉलिसी कुणाच्या नावावर?

दुसऱ्याची मोटारसायकल चालवताना अपघात झाला तर विमा मिळतो का, या प्रश्नाची गावोगाव दोन उत्तरं ऐकू येतात. 'गाडीचा इन्शुरन्स आहे ना, मग काळजी नाही' हे एक. 'गाडी दुसऱ्याच्या हातात होती म्हटलं की कंपनी हात वर करते' हे दुसरं. दोन्ही अर्धवट आहेत, आणि ज्या घरात माणूस जातो त्या घराला अर्धवट माहिती फार महागात पडते. म्हणून इथे दोन माणसं समोरासमोर बसवली आहेत. मामा कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात विकास सोसायटीचे सचिव होते, आता निवृत्त आहेत. त्यांच्या गाडीची चावी ओसरीतल्या खुंटीला असते आणि सगळी आळी ती नेते. भाची साताऱ्यात वकील आहे, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातली प्रकरणं चालवते. दोघंही कल्पनेतले आहेत. ते बोलतात तो कायदा आणि सांगतात ते निकाल मात्र खरे आहेत.

भाची : मामा, ती चावी आत कपाटात ठेवत जा.

मामा : का गं? आळीत चोर नाहीत आपल्या.

भाची : चोराची भीती नाही. विचारून नेणाऱ्याचीच आहे. उद्या त्याच्या हातून कुणी रस्त्यात पडलं तर?

मामा : इन्शुरन्स आहे की. दरवर्षी भरतो, एक दिवस उशीर नाही. आणि इन्शुरन्स गाडीचा असतो. वर मी बसलोय का शेजारचा पोरगा, कंपनीला काय करायचंय?

भाची : रस्त्यावरच्या माणसापुरतं तुमचं बरोबर आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १४६ सांगतं की विमा नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवायची नाही आणि दुसऱ्याला चालवूही द्यायची नाही. हा सक्तीचा विमा म्हणजे थर्ड पार्टी. तुमच्या गाडीची पायी चालणाऱ्याला धडक बसली, तर त्याची भरपाई कंपनी भरते. गाडी तुम्ही चालवत होता का दुसरा कुणी, याने त्यात फरक पडत नाही. पॉलिसीत कोण चालवू शकतो ते लिहिलेलं असतं आणि तिथे 'विमाधारकासह कोणतीही व्यक्ती' असंच असतं.

मामा : मग मी काय वेगळं म्हणत होतो?

भाची : तुम्ही अर्ध्या वाक्यावर थांबलात. पुढे लिहिलंय की अपघाताच्या वेळी त्या व्यक्तीकडे वैध लायसन्स पाहिजे. आळीतल्या किती जणांचं लायसन्स तुम्ही डोळ्यांनी बघितलंय? कुणी मोपेडवर टेस्ट देऊन विदाउट गिअरचं काढलेलं असतं, तुमची गाडी गिअरची. कुणाची मुदत संपून वर्ष झालेलं असतं. लर्निंगवाल्याला चालवता येते, पण पुढे-मागे एल लावून, आणि मागे शिकवणाऱ्याशिवाय कुणाला बसवायचं नाही. तुमच्या गाडीवर तिघं जाताना मी स्वतः बघितलेत.

मामा : समज, लायसन्स नव्हतं. म्हणजे ज्याला लागलं त्याला काहीच नाही?

भाची : त्याला बहुतेक वेळा मिळतं. न्यायाधिकरण कंपनीला सांगतं की आधी जखमीचे पैसे भर आणि मग गाडीच्या मालकाकडून वसूल कर. मालक म्हणजे तुम्ही. कमावता माणूस गेला असेल तर भरपाई दहा-वीस लाखांत जाते. पुढे कंपनीची दरखास्त तुमच्या सातबाऱ्यापर्यंत येते. शिवाय विनालायसन्स माणसाला गाडी दिली म्हणून मालकाला ५ हजार दंड आहे, तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

मामा : चांगुलपणाची ही किंमत?

भाची : न बघता दिल्याची किंमत. बघून दिलीत तर कायदा तुमच्या बाजूचा आहे. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी ठरवलं की चालकाकडे लायसन्स नव्हतं एवढं दाखवून कंपनीला सुटता येणार नाही. मालकाने जाणूनबुजून किंवा हलगर्जीपणाने गाडी दिली, हेही कंपनीनेच सिद्ध करायचं. म्हणून 'मी त्याचं लायसन्स बघितलं होतं' हे कोर्टात सांगता येणं मोलाचं आहे.

मामांना हे पटलं, तरी ते गप्प बसले नाहीत, आणि त्यांनी बसूही नये. एसटीच्या दोन फेऱ्यांवर ज्या गावाचा दिवस चालतो तिथे एकाची मोटारसायकल अनेकांची असते. दूध डेअरीला, पोराचा अर्ज तहसीलला, म्हातारीची औषधं मेडिकलमधून, हे सगळं मागून नेलेल्या गाडीवर होतं. गाडी देणं बंद करा हा सल्ला शहरातल्या पार्किंगमध्ये शोभतो. गावात तो कुणी ऐकणार नाही.

मामा : गेल्या पावसाळ्यात भांगलायला गेलेल्या बाईला साप चावला. मी घरी नव्हतो. पुढच्या घरातल्या पोराने चावी घेतली, बाईला मध्ये बसवली, मागे तिचा दीर, आणि ग्रामीण रुग्णालय गाठलं. इंजेक्शन वेळेवर मिळालं. त्या वेळी तुझ्या मामीने काय म्हणायचं होतं? आधी लायसन्स दाखव?

भाची : नाही. तिने चावी दिली हेच योग्य होतं. मीही दिली असती.

मामा : मग?

भाची : म्हणूनच हे काम प्रसंगाच्या आधी करून ठेवायचं. दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूचा हार घालता ना? त्याच दिवशी, तुमची गाडी नेहमी नेतात त्या चौघा-पाचजणांना बोलवा. लायसन्स बघा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. मुदत कधी संपते, गिअरचं आहे का, एवढंच बघायचं. ज्याचं नाही त्याला सांगा की काढून आण, तोवर गाडी नाही. रात्री-अपरात्री चावी कुणाच्या हातात द्यायची ते मग घरातल्या सगळ्यांना माहीत असेल.

मामा : हे होण्यासारखं आहे. आणि नववी-दहावीतली पोरं?

भाची : त्यांना कधीच नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. यात तुमच्या-माझ्यात वाद नको.

मामा : नाही, तिथे नाही.

आतापर्यंतचं बोलणं रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाचं होतं. एजंटांनाही एवढं सांगता येतं. खरा प्रश्न याच्या पुढे आहे आणि तो गाडी मागून नेणाऱ्याचा स्वतःचा आहे.

मामा : बरं, पोराकडे पक्कं लायसन्स आहे. मी बघितलंय. कुणाला धडक नाही, काही नाही. खडी पसरलेल्या वळणावर गाडी घसरली आणि त्याचाच पाय मोडला. किंवा त्याहून वाईट झालं. त्याला तर मिळेल?

भाची : तुमच्या थर्ड पार्टी विम्यातून नाही.

मामा : का? त्याच्या नावावर कुठे गाडी आहे? तो तिसराच झाला की.

भाची : न्यायालय तसं मानत नाही. इरकली साड्यांचं इलकल आहे ना, तिथून एक माणूस ओळखीच्याची मोटारसायकल घेऊन आपल्या गावी निघाला होता. पुढे लोखंडी पत्रे नेणारी बैलगाडी अचानक थांबली, हा तिच्यावर आदळला आणि गेला. बायकोने भरपाई मागितली, चूक कुणाची हे सिद्ध न करता मिळणारी, त्या वेळच्या कलम १६३-अ खालची. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००९ साली न्यायालयाने म्हटलं की जो गाडी मागून नेतो तो त्या वेळेपुरता मालकाच्याच जागी असतो. भरपाई देण्याची जबाबदारी मालकाची आणि त्याच्यामार्फत कंपनीची. मग मालकाच्या जागी असलेला माणूस स्वतःकडूनच भरपाई कशी मागणार?

मामा : कागदावर हे जुळत असेल. पण मेला तो माणूसच ना?

भाची : जानेवारी २०२० मध्ये पुन्हा हेच झालं. राजस्थानातला खटला. मागून आणलेल्या मोटारसायकलवरचा माणूस दुसऱ्या मोटारसायकलशी झालेल्या धडकेत गेला. फिर्यादीप्रमाणे चूक समोरच्याची होती. पण घरच्यांनी दावा लावला तो ज्या गाडीवर आपला माणूस होता तिच्या मालकावर आणि तिच्या विमा कंपनीवर. समोरच्या गाडीचा मालक नाही, तिची कंपनी नाही, कुणालाच सामील केलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने तो दावा मान्य केला नाही. पॉलिसीत अपघात कवच होतं, त्याचे १ लाख आणि व्याज, एवढ्यावर त्या कुटुंबाची बोळवण झाली.

मामा : समोरच्यावर दावा लावला असता तर?

भाची : तर रस्ता मोकळा होता. समोरच्या गाडीच्या दृष्टीने तुमच्या गाडीवरचा माणूस तिसराच असतो, गाडी त्याची असो वा मागून आणलेली. समोरच्याची चूक दाखवता आली की त्याच्या कंपनीकडून पूर्ण भरपाई मागता येते. माझ्याकडे येणाऱ्या घरांना मी हेच पहिलं विचारते. समोरच्या गाडीचा नंबर घेतला का? फिर्याद कुणाविरुद्ध आहे? पंचनाम्यात काय लिहिलंय? अनेकदा समोरचा ओळखीचा असतो, गावातला असतो. 'मिटवून घेऊ' म्हणून त्याचं नावच घेतलं जात नाही. पुढे कळतं की भरपाई त्याच्या खिशातून जाणारच नव्हती, कंपनीकडून येणार होती.

हा मुद्दा फार मोलाचा आहे. अपघातानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत, दवाखान्याच्या दारात, नातेवाइकांच्या गर्दीत जे काही कागदावर येतं किंवा येत नाही, त्यावर त्या घराचं पुढचं सगळं ठरतं. शेजारधर्म म्हणून समोरच्या गाडीचं नाव गाळणं हा विधवेवर अन्याय आहे.

मामा : मला एक सांग. माझ्या पावतीवर अपघात कवच म्हणून वेगळी रक्कम असते. १५ लाखांचं आहे म्हणतात. ते काय आहे मग?

भाची : ते मालक-चालकाचं सक्तीचं कवच. आधी दुचाकीला १ लाखाचं होतं. सप्टेंबर २०१८ मध्ये विमा नियामकाने ते १५ लाखांवर नेलं. पण मालक-चालक म्हणजे आर.सी.वर ज्याचं नाव, पॉलिसीवर ज्याचं नाव आणि ज्याच्याकडे लायसन्स आहे असा माणूस. या तिन्ही गोष्टी एकाच माणसाकडे पाहिजेत.

मामा : म्हणजे मी चालवत असलो तरच.

भाची : हो. आता तुमच्याच घरातलं बघू. दादाची, तुमच्या मुलाची, गाडी कुणाच्या नावावर आहे?

मामा : तुझ्या मामीच्या. फायनान्सवाल्याला तिची कागदपत्रं सोयीची होती.

भाची : मामीला गाडी येते?

मामा : नाही.

भाची : म्हणजे तिचं लायसन्सही नसणार. दादा ती गाडी रोज एमआयडीसीत नेतो, रात्रपाळीला सुद्धा. घरची गाडी आहे, पण कायद्याच्या हिशेबात तो दररोज दुसऱ्याची गाडी चालवतो. त्याला काही झालं तर पॉलिसीच्या शब्दांप्रमाणे १५ लाखांचं कवच त्याला लागू नाही; राजस्थानातल्या त्या कुटुंबासारखं कोर्टातून काही मिळेल यावर विसंबता येणार नाही. ज्या मामीच्या नावाने ते आहे ती गाडी चालवत नाही. घरात कुणालाच त्याचा उपयोग नाही.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. ही गोष्ट महाराष्ट्रातल्या असंख्य घरांची आहे. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा. गाडी बायकोच्या नावावर, कारण तिचं बँकेतलं खातं चांगलं होतं. थोरल्याने घेतली, तो पुण्याला गेला आणि धाकटा वापरतो. यातल्या कुणालाच आपण दुसऱ्याची गाडी चालवतो असं वाटत नाही. अपघातानंतर कागद पुढे येतो तेव्हा ते कळतं.

मामा : तुझं सगळं ऐकलं. आता माझं ऐक. मी हप्ता भरतो तो गाडीवरच्या धोक्याचा. धोका खुर्चीला असतो, नावाला नसतो. लायसन्स असलेला माणूस त्या गाडीवर बसला, तर तेवढ्या वेळापुरता तो धोका त्याचा. कंपनीने एका वेळी एकाच माणसाची जोखीम घेतली आहे. मग तो माणूस मी आहे का माझा मुलगा, याने तिचं काय वाढतं?

भाची : यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. कायदा आज काय आहे ते मी सांगते. तो तसाच असावा असं मी म्हणत नाही. न्यायालयालाही आता शंका आली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी म्हटलं की त्या जुन्या १६३-अ कलमाचे शब्द बघता भरपाई फक्त तिसऱ्या माणसापुरती धरणं बरोबर आहे का, हे पुन्हा तपासलं पाहिजे. त्यांनी प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला आहे.

मामा : बघ!

भाची : बघितलं. पण दादा उद्या रात्रपाळीला जाणार आहे, तो मोठ्या पीठासाठी थांबणार नाही.

पुढचं बोलणं भराभर झालं. मागे बसणाऱ्याचं काय, असं मामांनी विचारलं. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर दुचाकीवर मागे फुकट बसलेला माणूस तिच्यात येत नाही, हे २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. ज्याला लोक फुल इन्शुरन्स म्हणतात त्या पॅकेज पॉलिसीत तो येतो, आणि नियामकाने १६ नोव्हेंबर २००९ च्या परिपत्रकाने तसं स्पष्ट केलं आहे. गाडीचं नुकसान पॅकेजमधूनच मिळतं, मित्र चालवत असला तरी, मात्र त्याच्याकडे लायसन्स हवं आणि तो प्यायलेला नको. पैसे मालकाला मिळतात, पण प्लॅस्टिकच्या भागांचे निम्मे कापले जातात आणि वर्षानुवर्षं जमवलेला नो क्लेम बोनस मालकाचाच जातो. गाडी घेऊन जाणाऱ्याने हे लक्षात ठेवावं आणि मालक न मागता तेवढं भरून द्यावं.

पैसे घेऊन गाडी दिली तर सगळंच बदलतं. खासगी गाडीची पॉलिसी भाड्याने देण्यासाठी नसते, माल पोहोचवण्यासाठीही नसते. मित्राची गाडी घेऊन पार्सल पोहोचवणाऱ्या मुलांनी हे ओळखावं. गोव्याला जाणाऱ्यांनीही. तिथे भाड्याच्या दुचाकीला काळी पाटी आणि त्यावर पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी स्वस्तात देऊ केली तर ती घेऊ नका.

मामा : एक राहिलं. जुनी गाडी मी दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या वाडीत विकली. फॉर्मवर सह्या करून दिल्या, पैसे मिळाले. ती तर गेली ना माझ्या डोक्यावरून?

भाची : आरटीओच्या नोंदीत नाव बदललं का?

मामा : तो म्हणाला, करतो.

भाची : मग ती अजून तुमचीच आहे. फेब्रुवारी २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, गाडी पुढे कितीही हात फिरली तरी. आणि तिचा विमा संपलेला असेल तर कंपनीही नाही, सगळी भरपाई तुमच्यावर. उद्याच त्याला घेऊन आरटीओत जा.

मामा : जातो. दादाचं काय करू ते पण सांग.

भाची : गाडी त्याच्या नावावर करून घ्या. कर्ज फिटलं नसेल तर फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र लागेल. तोवर त्याच्या स्वतःच्या नावाने वैयक्तिक अपघात विमा काढा. हा विमा माणसाचा असतो. कुणाचीही गाडी चालवताना तो त्याच्याबरोबर राहतो.

मामा : आणि ज्यांना तेवढा हप्ता झेपत नाही त्यांनी?

भाची : प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वर्षाला २० रुपये, बँक खात्यातून आपोआप कापले जातात. वय १८ ते ७० चाललं. अपघाती मृत्यूला २ लाख. शेतकरी घर असेल तर राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना आहे, तिथेही २ लाख. पण स्वतः गाडी चालवत असेल तर लायसन्स तिथेही मागतात.

या दोघांत मी कुणाच्या बाजूचा, असं कुणी विचारलं तर आजच्या कायद्यापुरता भाचीच्या, आणि उद्याच्या कायद्यापुरता मामांच्या. सक्तीचं अपघात कवच गाडी चालवणाऱ्या प्रत्येक लायसन्सधारकाला लागू झालं पाहिजे, मालकाचं नाव असो वा नसो. ज्या देशात एक मोटारसायकल सगळं घर आणि अर्धी आळी वापरते, तिथे कवच एकाच नावाला बांधून ठेवणं हे नियामकाचं अपुरं काम आहे. ते त्याने पूर्ण करावं. त्यासाठी न्यायालयाच्या निकालाची वाट बघण्याचं कारण नाही.

तोवर वाचकांना एवढंच सांगणं आहे. आज घरातल्या गाडीची आर.सी. आणि पॉलिसी काढा. त्यावर कुणाचं नाव आहे ते बघा आणि ती गाडी रोज कोण चालवतं ते आठवा. ही नावं वेगळी असतील तर रोज चालवणाऱ्याच्या नावाचा अपघात विमा याच आठवड्यात काढून घ्या.